तबकडी की फाइल? आधी सुई आणि जोडणी तपासा

प्रश्न : वडिलांच्या एलपी माळ्यावरून काढल्या, जुना प्लेयर दुरुस्त करून नव्या अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ला जोडला. आवाज बारीक आणि चिरका येतो, बेस नावालाही नाही. प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे तर फाटतेच. तीच गाणी मोबाइलवर छान लागतात. मग रेकॉर्डचा आवाज सरस, असे लोक कशाच्या जोरावर म्हणतात?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुम्ही ती रेकॉर्ड अजून ऐकलेलीच नाही म्हणा ना! एलपीच्या खाचेत आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो. बेसला खाच फार रुंद वळणे घेते, म्हणून कोरताना बेस दाबतात आणि वरचे सूर चढवतात. ‘आरआयएए’ नावाच्या ठरलेल्या मापानुसार २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला जवळपास तितकेच जास्त. ऐकताना हे उलटवायचे काम फोनो प्रीअँपचे. शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या चुंबकाच्या डबीतून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, ऑक्सला त्याच्या शंभरेक पट लागतात. अँपच्या मागे ‘फोनो’ असे लिहिले असेल तिथे वायर लावा, नसेल तर वेगळा प्रीअँप मध्ये घाला. मात्र प्लेयरमध्येच प्रीअँप असेल तर दोन्ही एकदम वापरू नका, आवाज गढूळ होऊन फाटतो. प्लेयरची अर्थची बारीक वायर अँपच्या स्क्रूला बांधा, नाहीतर सतत ‘घूं’ ऐकू येईल. जुन्या पेटी-प्लेयरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असते, ते थेट ऑक्सला चालते.

आता फाटणारी गाणी. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ अवघी २१. तेच वरचे सूर निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेले असतात, त्यामुळे झिजलेली सुई सर्वांत आधी तिथेच उघडी पडते. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास चालते. माळ्यावरच्या प्लेयरची सुई किती चालली हे कोणालाच सांगता येणार नाही, तेव्हा ती बदलाच, शक्यतो इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) घ्या.

मग वजन लावा. अँटी-स्केटिंग (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ) शून्यावर ठेवून मागचे वजन फिरवत टोनआर्म (सुईचा दांडा) हवेत आडवा तरंगू द्या. नुसती आकड्यांची कडी शून्यावर आणा. त्यानंतर वजन आणि कडी एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यावर थांबा, बहुतेक १.५ ते २ ग्रॅम. अँटी-स्केटिंगही तेवढेच. पडताळणीसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा चालतो, फक्त त्याचे ताट लोखंडी नको, कार्ट्रिजचे चुंबक ते ओढते आणि वजन खोटे दिसते. ‘हलके ठेवले की रेकॉर्ड वाचते’ हा समज मोडीत काढा. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती ठेचते. नव्या सुईनेही तीच जागा फाटत असेल, तर खाच आधीच्या सुईने खाल्लेली आहे, त्यावर इलाज नाही.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून प्लेयर आणला. ट्रान्सफॉर्मर लावूनही सगळी गाणी संथ आणि जड वाजतात.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, ५० हर्ट्झचे ६० नाही. मोटर एसी सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झवर वेग ठरणारी) असेल तर ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला २७.८ फेरेच घेते आणि काळी चारचे गाणे पांढरी चारच्या आसपास उतरते. त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची चाकी) मिळाली तर काम झाले, ती मूळ पुलीपेक्षा सुमारे २० टक्के जाड असते. डीसी मोटर असेल तर वेगाचा स्क्रू असतो, तो किंचित फिरवा. वेग तपासायच्या चकतीवर ५० हर्ट्झसाठी १८० रेघा हव्यात. ती जुन्या पिवळ्या बल्बखाली पाहा, रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तपासू नका, त्याच्या हर्ट्झचा भरवसा नसतो.

प्रश्न : शेजारी यंत्रमाग आहेत, घरात कापसाचे तंतू उडतात. नळाच्या पाण्याने रेकॉर्ड धुतल्या तर खरखर वाढली. आता स्पिरिट वापरू का? आजोबांच्या जाड ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डही आहेत.
— एक वाचिका, अशोक चौक

उत्तर : ७८च्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका. त्यांत लाख असते आणि ती अल्कोहोलमध्ये विरघळते. ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरड्या करा. त्या एलपीच्या सुईने वाजवूही नका. त्यांची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास, ती खाचेच्या तळाशी घासते.

एलपीची खरखर क्षारांची आहे. बोअरचे किंवा नळाचे जड पाणी उडून जाते, क्षार खाचेतच बसतात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका, लेबल वाचवत मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा, सावलीत उभ्या वाळवा. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत रेकॉर्ड ठेवली तर ती पापडासारखी वाकते. नेहमी उभ्याच ठेवा.

प्रश्न : मग फ्लॅक, एमपी३ आणि रेकॉर्ड यांत खरोखर चांगले काय?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : मोजमापात डिजिटलच पुढे. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडीला सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजाचा ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, चांगल्या एलपीला ७०च्या आसपास. फ्लॅक ही दाबून लहान केलेली फाइल, पण तिच्यात सीडीतले काहीच गळत नाही. एमपी३मध्ये मात्र काही भाग गाळलेला असतो. ३२० केबीपीएसचा एमपी३ त्यातून वेगळा ओळखणे बहुतेकांना जमत नाही. शंका असेल तर त्याच फ्लॅकवरून एमपी३ बनवा, दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणा आणि घरच्या कोणालातरी न सांगता बदलायला लावा. हे वायरच्या हेडफोनवर करा, कारण ब्लूटूथ स्वतःच आवाज पुन्हा दाबून पाठवतो.

तरीही एखाद्या गाण्याची जुनी एलपी खरेच सरस वाटते. पुष्कळदा कारण मास्टरिंगचे, म्हणजे छापण्याआधीच्या आवाजाच्या अखेरच्या जुळणीचे असते. नव्या आवृत्तीत हळू-मोठ्यातला फरक दाबून सगळे सारखेच मोठे केलेले असते. म्हणून डिजिटल मास्टरवरून छापलेल्या नव्या महागड्या रेकॉर्डवर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करा. ज्या जुन्या रेकॉर्ड बाजारात फाइल म्हणून मिळतच नाहीत, त्या मात्र घरी उतरवून घ्या : २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ न देता. मिनिटाला सुमारे ३५ एमबी होतील, फ्लॅक केल्यावर बरेच कमी. टकटक काढण्याआधीची मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, सॉफ्टवेअर कधीकधी तबल्याची थापही टकटक समजून पुसून टाकते.