हमालाचा मालक कोण?

प्रश्न : माझे वडील पुण्याच्या भुसार बाजारात हमाली करून निवृत्त झाले आणि त्यांना भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळाली. ८ डिसेंबर २०२५ रोजी हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव गेले, तेव्हा वडील दिवसभर जेवले नाहीत. कामगारांच्या युनियन तर आधीपासून होत्या; मग हमालांसाठी निराळे असे काय करावे लागले?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मजुरीच्या दराआधी अडचण होती ती मालक सापडण्याची. गिरणी कामगाराचे नाव हजेरीपटावर असे, त्यामुळे कायदा मालकाला धरू शके. हमाल मात्र सकाळी एका आडत्याची गाडी खाली करी, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावी आणि संध्याकाळी तिसऱ्याचा माल ट्रकमध्ये भरी, त्यामुळे ‘हा आमचा नोकर नाही’ हे प्रत्येक व्यापाऱ्याचे म्हणणे कागदोपत्री खरेच ठरे. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या बाबांनी पाठ आणि छाती धरून येणारे हमाल रोज पाहिले होते. शंभर किलोचे पोते वाहणाऱ्याला विश्रांतीचा सल्ला देणे व्यर्थ आहे, हे डॉक्टरला इतरांआधी कळले असावे. त्यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी राहिली आणि पुढे दवाखाना मागे पडला.

तुमच्या वडिलांना मिळालेल्या पैशांचे मूळ १९६९ च्या माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, कायद्यात आहे. त्यासाठी मुंबईत स्वतः माथाडी असलेले अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा लढले. या कायद्याने एक मालक शोधण्याचा नादच सोडला. व्यापारी आणि कामगार दोघांचीही नोंदणी माथाडी मंडळाकडे होते, मंडळावर व्यापारी, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे जादा आकार, मंडळात भरतो, आणि मंडळ हमालाला मजुरी देऊन लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, बोनस व रजेचा पगार भागवते. दहा दुकानांत विखुरलेले श्रम अशा रीतीने एका खात्यावर जमा झाले. माझ्या मते संपापेक्षाही ही हिशेबाची युक्ती मोठी आहे, जरी संपावाचून ती कोणी मान्य केली नसती.

पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्याची लढाई मात्र कायद्यानंतरही कितीतरी वर्षे चालली, कारण निम्म्या वजनाचे पोते म्हणजे दुप्पट बारदान आणि दुप्पट खेपा, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता.

प्रश्न : ‘कष्टाची भाकर’ हा हमाल पंचायतीचाच उपक्रम का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : होय. १९७४ मध्ये तो सुरू झाला. ना नफा ना तोटा या तत्त्वावर हमालाला परवडणारे पोटभर जेवण मिळावे, एवढाच हेतू होता. पुढे विद्यार्थी आणि रिक्षावालेही त्याच बाकांवर बसून जेवू लागले.