सिम्पसन्सचा शाळेवरचा एकच भाग बघायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा, की ‘द सिम्पसन्स’चे भाग ढिगाने आहेत, त्यातला शाळा आणि पोरांचं मोठं होणं यावरचा एकच बघायचा तर कोणता, आणि हे नुसतं चावट कार्टून आहे की आत काही आहे?

डोळे झाकून सांगतो: दुसऱ्या सीझनमधला ‘लिसाज सब्स्टिट्यूट’. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर २५ एप्रिल १९९१ला दाखवला गेला. लिहिलाय जॉन व्हिटीने. पुढे काय होतं ते मी सांगणार आहे, त्यामुळे कोरी पाटी हवी असेल तर आधी बघून या, वीस-बावीस मिनिटांचं काम आहे.

लिसा आठ वर्षांची, दुसरीत. हुशार, वाचणारी, त्यामुळे घरात आणि वर्गात एकटी. तिच्या हूवर बाईंना आपल्याला लाइम रोग (गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार) झालाय असं वाटतं, त्या रजेवर जातात आणि बदली म्हणून बर्गस्ट्रॉम सर येतात. येतात तेच काउबॉयच्या वेशात, पिस्तुलं उडवत. मी १८३० सालचा काउबॉय आहे, माझ्या वेशात काय काय चुकलंय ते ओळखा, म्हणतात. लिसा पट्ट्याच्या बकलावर बोट ठेवते: त्यावर ‘स्टेट ऑफ टेक्सास’ लिहिलंय, पण टेक्सास राज्य झालं १८४५ला. त्या क्षणी तिचा चेहरा बघा. आपण हुशार आहोत याचं कुणाला तरी कौतुक आहे, हे तिला बहुधा पहिल्यांदाच कळतं. (सरांचा आवाज हॉलिवूडचा नट डस्टिन हॉफमनचा आहे, श्रेयनामावलीत मात्र त्याने ‘सॅम एटिक’ असं टोपणनाव लावलंय.)

दुसरीकडे तिचा भाऊ बार्ट वर्गाच्या निवडणुकीला उभा असतो. सगळा वर्ग त्याच्या बाजूने, नुसता जल्लोष. मत द्यायला मात्र कुणी जात नाही आणि अभ्यासू मार्टिन दोन मतांनी निवडून येतो. मिरवणुकीला गाव लोटतं आणि पेटीत काही नसतं, हे आपल्याला काय नवीन आहे!

मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा बी.एड. करून नुकताच तासिका तत्त्वावर लागलो होतो. वाई तालुक्यातली एक शाळा, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी चार महिने, सातवीचा वर्ग. शेवटच्या दिवशी एका मुलीने वहीच्या पानात गुंडाळलेलं पेन दिलं आणि म्हणाली, “सर, आमच्या बाई चांगल्या आहेत, पण त्या हसत नाहीत.” मी हवेत. एसटीत बसून घरी येईपर्यंत मी बर्गस्ट्रॉमच होतो.

त्या वयात मला या भागाचा कळस वाटायचा तो स्टेशनवरचा प्रसंग. हूवर बाई परत येतात, रोगबिग काही नसतो, आणि सर दुसऱ्या शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवायला निघालेले असतात. लिसा धावत गाडी गाठते. सर तिच्या हातात एक चिठ्ठी देतात: एकटं वाटलं, कुणाचा आधार नाही असं वाटलं, तर एवढंच वाच. चिठ्ठीत चार शब्द. तू लिसा सिम्पसन आहेस.

आजही तिथे घसा दाटतो, खोटं कशाला बोलू. पण आता माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मला तो प्रसंग जरा सोपा वाटायला लागलाय. बर्गस्ट्रॉम सर थोर आहेत, पण त्यांना थोडेच दिवस थोर राहायचं होतं. मला चार महिन्यांत ना पोषण आहाराचा हिशोब लिहावा लागला, ना मतदारयाद्या घेऊन उन्हात फिरावं लागलं. त्या बाई हे सगळं करून तासाला येत होत्या. मीही तिथे दहा वर्षं काढली असती तर कितपत हसलो असतो, कोण जाणे.

म्हणून माझ्यासाठी खरा भाग गाडी सुटल्यावर सुरू होतो. जेवणाच्या टेबलावर लिसाचा बांध फुटतो आणि ती बापाला, होमरला, तोंडावर ‘बबून’, म्हणजे माकड, म्हणते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. होमर म्हणजे संग्रहालयात ऐच्छिक देणगीची पाटी वाचून एक पैसा न देणारा गृहस्थ. तिला जे हवंय त्यातलं त्याच्याकडे काहीच नाही. तरी तो वर तिच्या खोलीत जातो. आणि सरळ कबूल करतो, की जवळचं माणूस गमावणं म्हणजे काय हे मला माहीत नाही, कारण माझी जवळची माणसं सगळी याच छपराखाली आहेत. मग माकडासारखे आवाज काढतो. लिसा हसते. तिथून तो बार्टच्या खोलीत जाऊन हरल्याचं दुःख हलकं करतो, तान्ह्या मॅगीच्या तोंडात चोखणी देतो, आणि बाहेर येऊन बायकोला सांगतो, आत्ता काही बोलू नकोस, तीन पोरं ओळीने जमलीत, गुपचूप झोपायला चल.

मी हा प्रयोग गेल्या आठवड्यात केला. मुलीची मैत्रीण शाळा बदलून गेली म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. आमचं वन बीएचके, म्हणजे खोली एकच गाठायची होती. शेजारी बसलो, माकडाचा आवाज काढला.

“बाबा, प्लीज,” ती म्हणाली. “दिवा घालव जाताना.”

घालवला, आणि तिथेच अंधारात बसून राहिलो.