‘आरबीटी केलं की कॅनडा पक्कं’ म्हणणाऱ्या एजंटबद्दल

तुझा प्रश्न असा : मानसशास्त्रात बीए झालंय, नाशिकला गंगापूर रोडच्या एका सेंटरवर दोन वर्षं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबत काम करतेय, आणि एजंट म्हणतोय की ४० तासांचा ‘आरबीटी’ कोर्स केला की कॅनडाचं काम झालंच. खरं का?

नाही गं. पैसे भरले नसशील तर भरू नकोस.

आरबीटी म्हणजे रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन, देखरेखीखाली मुलांसोबत वर्तन-थेरपी करणारा सहायक. ४० तासांचं प्रशिक्षण ही त्याची पहिली पायरी. पुढे प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, मग परीक्षा. हे प्रमाणपत्र देणारं अमेरिकेतलं बीएसीबी हे मंडळ १ जानेवारी २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेतच नाही. कोर्स होईल, पावतीही मिळेल, परीक्षा मात्र नाही. त्यातून हे काम बारावी झालेल्यालाही करता येतं, त्यामुळे अमेरिकेतही त्याच्या जोरावर एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा मिळत नाही.

मी कॅनडातल्या ओंटारिओत शिक्षणाच्या वाटेनं आले : कॉलेजात ऑटिझम आणि वर्तनशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स, मग इन्स्ट्रक्टर थेरपिस्टची, म्हणजे मुलांसोबत थेट थेरपी करण्याची नोकरी. आज निघणार असशील तर मी मास्टर्सच बघ म्हणेन. एक वर्षाच्या कोर्सवर नंतरचा वर्क परमिट साधारण तेवढाच मिळतो; मास्टर्सवर फेब्रुवारी २०२४ पासून तीन वर्षांचा मिळू शकतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून इथे ‘बिहेविअर अ‍ॅनालिस्ट’ (थेरपीचा आराखडा ठरवणारा तज्ज्ञ) हे नाव नोंदणी असल्याशिवाय लावता येत नाही, आणि त्या नोंदणीला मास्टर्स, देखरेखीखालचे तास आणि परीक्षा लागतात. नियम सारखे बदलतात, म्हणून सरकारी संकेतस्थळ स्वतः वाच. एजंटकडून ऐकू नकोस, माझ्याकडूनही नको.

नोकरीचं म्हणशील तर माझा पगार तासावर होता. मूल आजारी पडलं, आईनं सेशन रद्द केलं, की त्या दिवसाचे पैसे गेले. माझ्या पहिल्या ठिकाणी दोन घरांमधला प्रवासही आपल्याच खिशातून. गाडी चालवायला शिकूनच ये. सिडको ते पंचवटी स्कूटी चालवण्याचा अनुभव उणे पंधरात उपयोगाचा नाही. चावे, केस ओढणं हे तुला सांगायला नकोच.

नाशिकमध्ये आत्ता काय करायचं? विशेष शिक्षणाचं बी.एड. आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी. परदेश नाही जमलं तरी ती वाया जात नाही. आणि रोज नोंदी ठेव : आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. हे तीन रकाने साध्या वहीतही होतात.

नाशिकला माझ्याकडे थेरपीला सहा वर्षांचा एक मुलगा यायचा. आजीबरोबर बाजारात निघाला की तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट लेनच्या कोपऱ्यावर रस्त्यातच आडवा पडायचा. ‘हट्टी आहे,’ सगळे म्हणायचे. मी आजींना वहीत वेळ आणि दुकानांची अवस्था लिहायला सांगितली. अकरा दिवसांत चित्र दिसलं : भांडी ठोकली जात असली की तो पडायचा, दुकानं बंद असली की सरळ चालायचा. पडला की आजी उचलून घरी न्यायच्या, आवाज संपायचा. म्हणजे आडवं पडणं हे त्याचं ‘इथून चला’ होतं. मग त्याला घराचं चित्र असलेलं कार्ड दिलं. कार्ड दाखवलं की त्याच क्षणी मागे फिरायचं, एकदाही हुज्जत घालायची नाही. आजींना हे पटायला मुलाला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. (गप्प बसवणं म्हणजे थेरपी, असं मानणारी सेंटरं कॅनडातही आहेत. तिथे टिकू नकोस. मोठी झालेली स्वमग्न माणसं या वर्तन-थेरपीबद्दल जे कडवट बोलतात, ते वाचून मगच ठरव.)

कॅनडातल्या पहिल्या मुलाखतीत विचारलं, एखादं वर्तन आणि त्यामागचं कारण सांगा. मी वही उघडून हेच सांगितलं. पुढची दहा मिनिटं ती बाई प्रमाणपत्रांकडे न बघता ‘तांबट’ म्हणजे नक्की काय करतात तेच विचारत होती.