रवा-बदामाचा केक, मग पौष्टिकच ना?

प्रश्न : ताई, माझी नणंद सिंगापूरला असते, ती येताना तिथल्या शेजारणीने केलेला सूजी केक घेऊन आली, युरेशियन लोकांचा असतो म्हणे. सासूबाईंची शुगर बॉर्डरवर आहे, पण त्या म्हणतात रवा-बदामच तर आहे, आणि रोज चहासोबत एक तुकडा चालूच. चालेल का? जावेच्या मुलाला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, त्याला देऊ का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : सासूबाईंना सांगा, रवा-बदाम आहेत हे खरंय पण बटर आणि साखर कुठे गेली? पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का (आताच्या मलेशियातलं बंदर) घेतलं, त्यांच्या आणि तिथल्या लोकांच्या संसारातून जे युरेशियन समाज झाले त्यांचा हा ख्रिसमसचा, लग्नाचा केक, म्हणजे सणाचाच पदार्थ, रोजच्या चहाचा नाही. (गोव्याचं बात खाल्लंय ना, रवा-नारळाचं? चुलत भावंडंच वाटतात मला तरी.)

रवा बटरमध्ये तासन्‌तास, कधी रात्रभर भिजवतात, तो फुलतो म्हणून केक दाणेदार तरी ओलसर होतो. आता साधारण हिशोब बघा, पाव किलो बटर, पाव किलो रवा, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बदामाची भरड आणि दहा पिवळे बलक धरले तर साडेचार हजार कॅलरीच्या वर जातं, १६ तुकडे केले तर एकात जवळपास ३०० कॅलरी, तीन चमचे साखर, एक मोठा चमचा बटर, आणि ज्या बदामांच्या जिवावर सगळं चाललंय ते जेमतेम पाच! वर मार्झिपॅन (बदाम-साखरेचा लगदा) आणि आयसिंग असेल तर साखर अजून.

बदामातलं व्हिटॅमिन ई, बलकातलं कोलीन वगैरे मिळतं, नाही असं नाही, पण त्यासाठी पाच भिजवलेले बदाम आणि एक उकडलेलं अंडं नुसतं खाल्लं तरी चालतं की. बटर कमी करून 'हेल्दी' करायच्या फंदात मात्र पडू नका, रवा कोरडा राहतो आणि दाताखाली कचकचतो. त्यापेक्षा बोटाएवढी काप द्या, तीही रोज नको, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. डॉक्टरांना विचारून घ्या हे आहेच.

मुलाला अजिबात नको. रवा गव्हाचाच असतो हो, उपमा खाताना कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. शिवाय यात बऱ्याचदा ब्रँडी घालतात, नणंदेला विचारा.