वाचून परत देण्याची सवय

आपला प्रश्न असा आहे की, वाचनाची आवड असलेल्या माणसाला साधेपणाने राहणे सोपे जाते का. आणि उत्तर देणाऱ्याने आपल्या वाचनाच्या सवयी व रोजच्या आवडीनिवडीही सांगाव्यात, अशी आपली इच्छा आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु त्याला एक अट आहे. पुस्तके विकत घेऊन कपाटे भरण्याची हौस ही शेवटी साठवण्याचीच हौस असते, आणि साड्या किंवा भांडी जमवण्यापेक्षा ती फार वेगळी आहे असे मला वाटत नाही. माझी राहणी साधी राहिली ती वाचनालयामुळे, म्हणजे आणलेले पुस्तक जपून वाचावे आणि ठरलेल्या तारखेच्या आत परत नेऊन द्यावे, या लहानपणीच लागलेल्या वळणामुळे.

मी ठाण्यात राहते. आमच्या गावातले मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली सुरू झाले. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक एका ठिकाणी मिळावे, अशा ध्यासातून ही संस्था उभी राहिली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय त्याहून जुने, 1840 सालचे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचे. सव्वाशे ते पावणेदोनशेहून अधिक वर्षे गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून, देणग्या मिळवून, प्रसंगी पदरमोड करून या संस्था टिकवल्या आहेत, आणि आपण त्यांच्याकडे गावातली एक जुनी इमारत एवढ्याच नजरेने पाहतो, याची मला मनापासून खंत वाटते.

मी शाळेत असताना वडिलांनी माझे नाव वाचनालयात घातले. तेव्हापासून पुस्तक हातात आले की आधी मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहायची, ही माझी सवय आहे. जांभळ्या शाईचे शिक्के एकाखाली एक उमटलेले असतात. काही पुस्तकांच्या चिठ्ठीवर चिठ्ठ्या चिकटवून जाड थर झालेला असतो. काहींवर मात्र दोनच शिक्के असतात, आणि त्या दोहोंमध्ये कित्येक वर्षांचे अंतर असते. असे पुस्तक दिसले की मी ते बहुधा घरी आणते. समुद्रप्रवासाची जुनी वर्णने, एखाद्या विस्मृतीत गेलेल्या शिक्षकाचे आत्मचरित्र, शेतीच्या अवजारांवरचे सचित्र पुस्तक, असे कितीतरी उत्तम वाचन मला या दोन शिक्क्यांच्या पुस्तकांनी दिले आहे, जे खपाच्या याद्यांमध्ये किंवा दुकानाच्या दर्शनी फळीवर कधीच दिसले नसते.

परत देण्याच्या तारखेचा वाचनावर फार चांगला परिणाम होतो. घरातले स्वतःचे पुस्तक वर्षानुवर्षे ‘कधीतरी वाचू’ म्हणून पडून राहू शकते, वाचनालयाचे पुस्तक तसे राहत नाही. शिवाय आपल्यानंतर कोणीतरी त्याची वाट पाहत असते, म्हणून त्याची पाने दुमडायची नाहीत, समासात लिहायचे नाही, चहाचा कप त्यावर ठेवायचा नाही. आवडलेला उतारा मी शंभरपानी वहीत उतरून घेते आणि त्याखाली पुस्तकाचे नाव, लेखक व पृष्ठ क्रमांक लिहिते. उतरून घेताना वाक्याची घडण जशी कळते, तशी ती फोनवर छायाचित्र काढून कळत नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली जे पाच सिद्धान्त मांडले, त्यांतला पहिलाच असा आहे की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. घरातल्या वस्तूंनाही मी हीच कसोटी लावत गेले, आणि जी वस्तू वर्षभरात कोणाच्याच उपयोगी पडली नाही ती ज्याला हवी आहे त्याच्याकडे जाऊ लागली. यात त्यागाची काही भावना नसते. घर झाडायला सोपे होते आणि मन मोकळे राहते.

माझे बहुतेक वाचन लोकलमध्ये होते. कार्यालय मुंबईत फोर्टला असल्याने सकाळी ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी मी धरते. जलद गाडीने पाव तास वाचतो हे खरे, परंतु तीत उभे राहायलाही जागा नसते, आणि धीम्या गाडीत खिडकीजवळ नाही तरी बसायला जागा मिळते व जवळपास तासभर सलग वाचता येते. वाचायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते की, दिवसातला एखादा रोजचाच, टळणार नसलेला वेळ पुस्तकाच्या नावाने करून टाकावा. रात्री झोपताना वाचू असे ठरवणाऱ्यांचे वाचन बहुधा पहिल्या चार पानांतच थांबते. महिलांच्या डब्यात कोणी भाजी निवडत असते, कोणी हरिपाठ म्हणत असते, पलीकडे वाढदिवसाचा केक कापला जात असतो. त्या गजबजाटात वाचण्याची सवय एकदा झाली की पुढे कोठेही वाचता येते.

रात्रीचे वाचन आईसाठी असते. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून जेवणे आटोपल्यावर मी तिला मोठ्याने वाचून दाखवते. मोठ्याने वाचू लागल्यापासून गद्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे. जुन्या निबंधकारांची अर्ध्या पानाची वाक्येसुद्धा एका दमात वाचता येतात, कारण कोठे थांबायचे हे वाक्यच सांगत जाते. उलट आजच्या वर्तमानपत्रातले दोन ओळींचे वाक्य पुष्कळदा मध्येच अडखळते. आई ऐकता ऐकता शब्दांचे अर्थ विचारते, कधी मला ठाऊक नसलेला अर्थ तीच सांगते, आणि मग आम्ही शब्दकोश उघडून खात्री करून घेतो. आमच्या घरी कायमची राहिलेली पुस्तके थोडी आहेत: हा शब्दकोश, पक्षी ओळखण्याचे एक मार्गदर्शक पुस्तक, आईच्या पोथ्या आणि वारंवार उघडावी लागणारी आणखी काही. ज्या पुस्तकाकडे वरचेवर धाव घ्यावी लागते, ते जरूर विकत घ्यावे, असे माझे मत आहे.

या थोड्या पुस्तकांची डागडुजी मी स्वतः करते, आणि हा माझा पावसाळ्यातला आवडता उद्योग आहे. बांधणीचे काम मला आमच्या भागातल्या एका वयोवृद्ध बाइंडरने शिकवले. मैद्याची पातळ खळ मंद आचेवर सतत ढवळत शिजवायची, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तीत चिमूटभर मोरचूद घातले की कसर लागत नाही. मोरचूद विषारी असल्याने त्यासाठी वेगळे भांडे ठेवावे आणि ते स्वयंपाकघरात कधीही आणू नये. सुटलेले जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, पुन्हा दोऱ्याने शिवून घ्यायचे, पाठीवर जुन्या धुतलेल्या सुती साडीची पट्टी खळीने बसवायची, पुठ्ठा लावायचा आणि रात्रभर जड वजनाखाली दाबून ठेवायचे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मात्र कधीही लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, आणि मग ते पान वाचवणे फार अवघड होते. एक पुस्तक नीट बांधून झाले की त्या दिवशी दुसरी कसलीही करमणूक लागत नाही. छत्री, चप्पल, मिक्सर, पिशवीची चेन यांच्याही दुरुस्त्या मी त्याच ओढीने करून घेते, कारण वस्तू उघडल्यावर ती आतून कशी चालते हे पाहायला मिळते.

वाचनाबाहेरची माझी सर्वांत मोठी आवड पक्ष्यांची आहे, आणि तीही वाचनालयातूनच आली. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. 2015 साली या भागाला रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला आणि 2022 साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत त्याचा समावेश झाला. ओहोटीला चिखल उघडा पडला की हे पक्षी आपली वाकडी चोच उलटी धरून त्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. भरतीचे पाणी चढू लागले की हळूहळू काठाकडे सरकतात. त्यामुळे भरतीची वेळ कळल्याशिवाय जाण्यात अर्थ नसतो. ही वेळ काढण्याची कोकण किनाऱ्यावरची जुनी रीत मला एका पुस्तकात सापडली: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हिशेब ढोबळ आहे, पण तो पुष्कळसा जुळतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत द्वादशी किंवा त्रयोदशी रविवारी आली की सकाळी नऊ-पावणेदहाला भरती पूर्ण होणार हे उमगते, आणि सातच्या सुमारास ऐरोलीच्या बाजूला पोहोचले तर चढत्या पाण्याबरोबर जवळ येणारा थवा पाहायला मिळतो. खर्च येतो तो बसच्या तिकिटाचा. इतक्या सुंदर गोष्टीसाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही, हे अनुभवल्यावर सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जावेसे मला वाटेनासे झाले, त्यासाठी मनाला आवर घालावा लागला नाही.

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ ही जोडी आपण सहजपणे उच्चारतो, परंतु वाचणाऱ्याचे विचार उच्च होतातच, असा दावा मी करणार नाही. पुष्कळ वाचलेली आणि तरीही कठोर, गर्विष्ठ राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. वाचनाने एवढे निश्चित होते की माणसाला स्वतःच्या सोबतीत रमता येते, आणि ज्याला रमण्यासाठी फार काही लागत नाही, त्याच्या गरजा आपोआप कमी राहतात. याउलट साधेपणाचेही प्रदर्शन होऊ शकते. मुद्दाम महागडी खादी, मुद्दाम मातीची महागडी भांडी, हे मला पटत नाही. घरात आहे ते स्टीलचे ताट झिजेपर्यंत वापरावे.

आपल्याला सुरुवात करायची असेल आणि आपण महाराष्ट्रात राहत असाल, तर जवळचे वाचनालय शोधणे अवघड नाही. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य झालेली दहा हजारांहून अधिक ग्रंथालये राज्यात आहेत आणि त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. ‘ड’ वर्गाचे छोटे वाचनालय असले तरी कमी लेखू नका. तेथल्या ग्रंथपालांना कपाटातले प्रत्येक पुस्तक ठाऊक असते, आणि आपली आवड सांगितली तर तेच पुढच्या वेळी पुस्तक काढून ठेवतात. अनामत रक्कम सभासदत्व सोडताना परत मिळते आणि वर्षाच्या वर्गणीत आज दोन-तीन जाड पुस्तकेही विकत येणार नाहीत. शक्य झाल्यास दिवाळीच्या आधी नाव घाला. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा बहुतेक वाचनालये वेगळी वर्गणी घेऊन सभासदांच्या घरी पोहोचवतात, आणि एका अंकात कथा, कविता, प्रवासवर्णन, विज्ञान, व्यक्तिचित्र असे सगळेच असल्याने आपल्याला नेमके काय वाचायला आवडते ते दोन-तीन महिन्यांत कळून येते. नव्या अंकांवर फार उड्या पडत असतील तर मागच्या वर्षीचे अंक मागा; ते लगेच मिळतात.