मधमाशीच्या विषातून कॅन्सरचं औषध : लेक म्हणते ते खरं आहे का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला (जि. यवतमाळ) कोरडवाहू शेतकरी. कपाशी आणि तूर घेतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतले आहेत. माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला, नागपूरला केमो सुरू आहे. तेव्हापासून पोरगी म्हणते, मधमाशीच्या विषानं कॅन्सरच्या पेशी मरतात, मी त्याचंच औषध बनवणार, डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा देणार नाही. असं काही शिक्षण असतं का? वर्षं किती, पैसा किती, आणि पोट भरेल का? गावातले एक जण तर बहिणीला मधमाश्यांचे डंख देऊन पाहा म्हणतात. आम्ही ओबीसी आहोत.

उत्तर : भाऊ, नमस्कार.

करिअरचं जरा थांबवू, आधी तुमच्या बहिणीचं बोलू. डंख देऊ नका. सांगणारा कितीही खात्रीनं सांगत असला तरी नाही. मधमाशीच्या विषाची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, आणि आधी दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नसतं. स्पेनमधल्या ५५ वर्षांच्या एक बाई दोन वर्षं असे डंख घेत होत्या, त्रास काहीच नव्हता. एके दिवशी डंखानंतर लगेच दम लागला, शुद्ध हरपली आणि पुढे त्या दवाखान्यात दगावल्या. तिथल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये ही केस प्रसिद्ध केली. केमो सुरू असलेल्या शरीराला असला धक्का झेपायचा नाही. नागपूरच्या तारखा एकही न चुकवता पूर्ण करा, आणि घरात कुणी दुसरं काही देऊ पाहत असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा.

आता लेकीचं. तिनं वाचलं ते खरं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या हॅरी पर्किन्स संशोधन संस्थेत डॉ. सियारा डफी यांनी २०२० मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. मधमाश्यांचं आणि बंबलबी नावाच्या जाडजूड केसाळ माश्यांचं विष त्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर वापरून पाहिलं. मधमाशीच्या विषानं पेशी मेल्या, बंबलबीच्या विषाचा तसा परिणाम झाला नाही. फरक होता मेलिटिनचा. मधमाशीच्या वाळवलेल्या विषाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन असतो. २६ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, ही छोटीशी साखळी पेशीच्या आवरणाला भोकं पाडते, आणि तासाभरात आवरण फाटतं. तेच मेलिटिन प्रयोगशाळेत रसायनांपासून तयार केलं, तर त्यानंही तेच काम केलं. म्हणजे या औषधासाठी मोहोळं जाळायची गरज नाही, हे लेकीला आवर्जून सांगा.

ब्राझीलच्या एका गांधीलमाशीचीही अशीच गोष्ट आहे. २०१५ मध्ये तिथल्या आणि इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी दाखवलं, की तिच्या विषातला एमपी-१ नावाचा घटक कॅन्सरच्या पेशीला जास्त चिकटतो. निरोगी पेशीत जे स्निग्ध रेणू आवरणाच्या आतल्या बाजूला असतात, ते कॅन्सरच्या पेशीत बाहेर आलेले असतात, आणि हा घटक नेमके तेच धरतो.

मग औषध का नाही आलं? मधमाशीच्या किंवा गांधीलमाशीच्या विषापासून बनलेलं, मान्यता मिळालेलं कॅन्सरचं एकही औषध आज बाजारात नाही. कारण तुम्हाला चटकन कळेल. कपाशीत तण मारायचं आहे, पण औषध असं पाहिजे की कपाशीचं पान करपू नये. मेलिटिनला हा भेद पुरेसा कळत नाही. नुसतं रक्तात सोडलं तर ते तांबड्या पेशीही फोडतं. प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरची पेशी मारणं तुलनेनं सोपं आहे, बाजूची चांगली पेशी वाचवून ती मारणं अवघड. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेलिटिन अतिसूक्ष्म कणांवर बसवून उंदरांमधल्या गाठींपर्यंत पोहोचवून पाहिलं, ते २००९ साली. कुणी साखळीतलं एखादं अमिनो आम्ल बदलून पाहतं, कुणी नेहमीच्या केमोसोबत थोडंसं देऊन पाहतं. तुमच्या लेकीला जे करायचं आहे ते हेच काम आहे, आणि त्यात अजून भरपूर जागा आहे.

हे होऊ शकतं यावर माझा विश्वास आहे, त्याला कारण तुमच्या अंगणातलं आहे. सदाफुली पाहा. गुरं तोंड लावत नाहीत, पाला विषारी. त्याच झाडापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं निघाली, १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. एका वेळचा डोस सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही, इतकं ते जहाल आहे. पाला चावून कुणाचा कॅन्सर बरा झाला नाही. पाल्यातून नेमका रेणू वेगळा काढला, शुद्ध केला, मात्रा ठरवली, तेव्हा जीव वाचले. डंख आणि औषध यांच्यामध्ये हीच सगळी वर्षं असतात.

काम रोज कसं असतं, तेही तिला कळू द्या. विष गोळा करताना पोळ्याच्या दाराशी काचेची पट्टी ठेवतात, वर बारीक तारा, तारांत सौम्य वीज. माशी चिडून काचेवर नांगी मारते, नांगी काचेत रुतत नाही म्हणून माशी मरत नाही, आणि काचेवर वाळलेलं पांढरं विष खरवडून घेतात. एका माशीचं वाळलेलं विष जेमतेम मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं. पुढची वर्षं जातात ती ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीसमोर. काही खळग्यांत कॅन्सरच्या पेशी, काहींत निरोगी, प्रत्येकात विषाची वेगळी मात्रा. मग पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असेल तर तो जांभळा होतो, मेली असेल तर पिवळाच राहतो. कॅन्सरचा खळगा पिवळा आणि निरोगी पेशीचा जांभळा, हे दिसावं म्हणून माणसं महिनोन्महिने तीच ताटली पुन्हा पुन्हा भरतात. ज्याला हे कंटाळवाणं वाटत नाही, त्यानंच या वाटेला जावं. तिला हे वाचून दाखवा आणि तिचा चेहरा पाहा.

'विषापासून औषध' असा वेगळा कोर्स शोधू नका. कुणी त्या नावाखाली फी मागितली तर देऊ नका. लागतं ते रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, दोन्ही पक्कं. माझ्या मते तिच्यासाठी सगळ्यात चांगली वाट आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्थांची. पुणे आणि भोपाळ तुम्हाला जवळचे पडतील. पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम असतो. प्रवेशासाठी आयएटी परीक्षा : भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, प्रत्येकी १५ प्रश्न, तीन तास. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले हे फार बरं केलं, गणित सोडू देऊ नका.

नीट देणार नाही हा हट्ट मात्र तिनं सोडावा. अभ्यास बराचसा तोच आहे. एमबीबीएस करूनही कॅन्सर संशोधनात जाता येतं, आणि एका परीक्षेवर सगळं टांगून ठेवणं बरं नाही. एमएचटी-सीईटीही द्यावी, त्यातून बी.फार्म. होतं, आणि औषध कसं बनतं ते फार्मसीवाल्यांना चांगलं कळतं. यातलं काहीच जमलं नाही तर अमरावती किंवा नागपूरला रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. त्या वाटेनं जाणारी गावाकडची पोरं मी पाहिली आहेत, ती कुठे कमी पडत नाहीत. पहिलं वर्ष इंग्रजीमुळे जड जातं, तेवढं धरून चाला.

वर्षांचं खरं सांगतो. पाच वर्षं शिक्षण, वर पाच-सहा वर्षं पीएच.डी. म्हणजे तिशीपर्यंत ती शिकतच असेल, आणि नात्यात लग्नाचे प्रश्न सुरू होतील. तेव्हा तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहणार का, हे आत्ताच मनाशी ठरवा. पैशाची चिंता मात्र तुम्हाला वाटते तेवढी नाही. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या गुणवंतांना इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळते. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएच.डी. करताना दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. ओबीसींसाठी महाज्योती ही संस्था नागपुरातच आहे, पीएच.डी.ला फेलोशिप देते आणि नीट-सीईटीची मोफत तयारीही करून घेते. पीएच.डी.नंतर पुण्याचं एनसीसीएस, खारघरचं ॲक्ट्रेक, हैदराबादचं सीसीएमबी अशा पेशी आणि कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्था आहेत. तिथल्या जागा कमी आणि स्पर्धा मोठी. पण पेप्टाइड, म्हणजे मेलिटिनसारखी अमिनो आम्लांची साखळी, बनवणं आणि तपासणं ज्याला येतं, त्याला हैदराबादच्या औषध कंपन्यांतही काम मिळतं. विषाचं औषध कधी झालंच नाही, तरी हातातली विद्या वाया जात नाही.

या आठवड्यात एक काम करा. तहसीलला जाऊन ओबीसी नॉन-क्रिमीलेअरचं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात मागा. राज्याचं वेगळं, केंद्राचं वेगळं. आयसरला केंद्राचंच लागतं, आणि ऐनवेळी ते हाती नसल्यानं राखीव जागा हुकते. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत केला नसेल तर तोही आत्ताच टाका, सीईटीच्या प्रवेशाला लागेल.