कानपिळीला कोण उभं राहणार?

*ताई, एप्रिलमध्ये बाबा गेले. दशक्रियेला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना, आणि मागच्या पायरीवर एक अनोळखी मुलगा माझ्याहून जास्त रडत होता. तो बाबांचाच मुलगा निघाला. दिंडोरीकडे त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. तिकडे एक मुलगीही आहे. आईला न सांगता आम्ही तिघं कॉलेज रोडला भेटतो. मला दोघं फार आवडलेत. मार्गशीर्षात माझं लग्न आहे. सख्खा भाऊ नाही, म्हणून कानपिळीला त्यालाच उभं करावंसं वाटतं. होणाऱ्या नवऱ्याला हे पटतंय. काका म्हणतात, त्यांचा हक्कच नाही, तरी आधी हक्कसोडपत्रावर सह्या घ्या, मग नाती जोडा. काय करू?*
*– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक*

नको उभं करूस. निदान आईशी बोलल्याशिवाय तरी नको.

प्रेमकथांमध्ये मांडवात सगळ्यांचे रुसवे मिटतात, हे मलाही वाचायला आवडतं. पण तुझ्या मांडवात आईला नवऱ्याचा दुसरा संसार सगळ्या भावकीसमोर पहिल्यांदा दिसेल, आणि चेहरा सांभाळत तिला पाहुण्यांना ‘जेवून जा’ म्हणावं लागेल. तिचा राग बाबांवर आहे, पण ते आता भांडायला नाहीत. मग तो या दोघांवर निघेल, थोडा तुझ्यावरही.

मला तर वाटतं, आईला यातलं बरंच ठाऊक असावं. ‘तुला माहीत होतं का?’ अशी उलटतपासणी मात्र घेऊ नकोस. तू त्यांना भेटतेस, एवढंच सांग आणि थांब. ती चार दिवस बोलली नाही तर न बोलू दे. तिने त्यांना आपलं म्हणावं, असा हट्ट धरू नकोस. ती तुझी भावंडं आहेत, तिची कुणी नाहीत.

आता काका. त्यांचा कायदा कच्चा आहे. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने रद्दबातल. त्या बाईंना वारसाहक्क नाही. मुलांचं तसं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ती औरसच. बाबांच्या स्वतःच्या मिळकतीत त्यांचा हक्क आहे, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून बाबांचा जो हिस्सा निघेल त्यातही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मृत्युपत्र नसेल तर आई, तू आणि ती दोघं असे चार सारखे वाटे. आजी हयात असेल तर पाचवा तिचा. ते लग्न खरोखर लागलं होतं का, यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून कागद घेऊन वकिलाला भेट. सातबाऱ्यावर वारस लावताना त्यांची नावं गाळायला तू हो म्हणू नकोस.

हक्क सोडायचा की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं, तेही स्वतःच्या वकिलाला विचारून. लग्नाच्या आमंत्रणाबरोबर तो कागद पुढे केलास तर ती कदाचित सहीही करतील. मायेला भुकेली माणसं करतात. पुढची वीस वर्षं मग राखीला तो कागद तुमच्या मधे असेल.

आई हो म्हणाली तर लग्नाआधी दोघांना घरी चहाला बोलाव, काकांना वगळून. नाही म्हणाली तर कान चुलतभावाला पिळू दे. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन दिंडोरीला जा, आणि जाणार आहेस हे आईला निघण्याआधी सांग. कॉलेज रोडच्या चोरून भेटी आता पुरे.